‘तुमच्या शब्दांत लिहा’ म्हणजे नेमके काय करा?

शिक्षक बंधुभगिनींनो आणि पालकहो,

‘पुढील उतारा वाचा व त्याचा सारांश तुमच्या शब्दांत लिहा.’ हे वाक्य आपण सर्वांनी विद्यार्थी असताना वाचलेले आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी शिक्षक झाल्यावर ते फळ्यावर लिहिलेलेही आहे. मीही ते कित्येक वर्षे निःशंकपणे लिहीत होतो. एकदा पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीने हात वर करून विचारले, ‘सर, माझे शब्द म्हणजे कोणते? सगळे शब्द तर उताऱ्यातच आहेत.’ वर्ग हसला, मीही हसलो आणि ‘सोपे करून लिही’ असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. मुलांना सारांश लिहिता येत नाही, ती उताऱ्यातलीच वाक्ये उतरवून काढतात, अशी तक्रार आपण करतो. परंतु सारांश करायचा म्हणजे हाताने आणि डोक्याने कोणते काम करायचे, हे आपण त्यांना बहुधा कधी दाखवलेलेच नसते. आपण ते शिकवत नाही, थेट तपासतो.

एक छोटा उतारा समोर ठेवून बोलू. हा मी वर्गासाठी तयार केलेला आहे. ‘गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते आपल्या त्वचेतून श्वास घेते. हवेतला प्राणवायू त्वचेवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि मग शरीरात शिरतो. त्वचा कोरडी पडली तर गांडूळ गुदमरते. म्हणून बहुतेक गांडुळे दिवसा जमिनीतल्या ओल्या बिळांत राहतात आणि रात्री हवा दमट झाली की वर येतात.’

आता तीन वह्या पाहा. पहिल्या वहीत लिहिले होते : ‘गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते त्वचेतून श्वास घेते. गांडुळे रात्री वर येतात.’ उताऱ्याची लांबी निम्म्याहून कमी झाली, प्रत्येक वाक्य खरे आहे, शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आणि तरीही उतारा हातातून निसटलेला आहे. फुप्फुसे नसण्याचा आणि रात्री वर येण्याचा संबंध काय, हेच तर उतारा सांगत होता. मुलाने ‘म्हणून’ खोडला आणि त्याबरोबर उतारा गेला. शिवाय ‘बहुतेक’ हा शब्दही गळाला, त्यामुळे लेखकाने जे काळजीपूर्वक म्हटले होते ते सरसकट विधान झाले. लहान शब्द म्हणजे बिनमहत्त्वाचे शब्द, अशी मुलांची प्रामाणिक समजूत असते, आणि लांबी कमी करायला सांगितली की ती सर्वांत आधी ‘म्हणून’, ‘पण’, ‘तर’, ‘बहुधा’, ‘काही’ यांच्यावर कात्री चालवतात.

दुसऱ्या वहीतला मुलगा कष्टाळू होता. त्याने प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द शोधला होता : ‘गांडूळ आपल्या कातडीतून दम घेते.’ आता ‘दम घेणे’ म्हणजे विसावणे, हे मराठी बोलणाऱ्या या मुलाला ठाऊक नव्हते असे नाही. पण त्या क्षणी तो वाक्याचा अर्थ पाहतच नव्हता, एका सुट्या शब्दाच्या जागी दुसरा सुटा शब्द बसवत होता. वाक्याची चौकट जशीच्या तशी ठेवून आतले शब्द तेवढे बदलणे याला आपण नकळत उत्तेजन देतो, कारण ‘उताऱ्यातले शब्द वापरू नका’ असे आपण बजावलेले असते. वास्तविक काही शब्द बदलायचे नसतातच. प्राणवायूला प्राणवायूच म्हटले पाहिजे, फुप्फुसांना फुप्फुसेच. विषयाचे स्वतःचे शब्द ठेवावेत, वाक्याची घडण मात्र आपली असावी, एवढे एक सूत्र सांगितले तरी अर्धा गोंधळ मिटतो.

तिसऱ्या वहीत सुरुवातच अशी होती : ‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे.’ असेलही, नव्हे आहेच; पण या उताऱ्यात ते कोठे आहे? वर्गात दहा ठिकाणी ऐकलेले वाक्य गांडूळ शब्द दिसताच लेखणीतून उतरले. या चुकीला मी पहिल्या दोन चुकांपेक्षा मोठी मानतो, आणि गंमत अशी की गुण देताना तिलाच सर्वांत सौम्यपणे वागवले जाते, कारण विधान खरे असते. दुसरा माणूस काय म्हणाला हे सांगताना आपल्याला काय माहीत आहे ते बाजूला ठेवता येणे, ही या कामाची पहिली अट आहे.

या तीन चुका आपल्याच वर्गातल्या आहेत असे कोणी मानू नये. अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे या अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकांनी 1983 मध्ये पाचवीपासून महाविद्यालयापर्यंतचे विद्यार्थी सारांश कसा करतात, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आधी 1978 मध्ये वॉल्टर किंच आणि टेऊन व्हॅन डाइक यांनी वाचक मजकुराचे मोठे चित्र मनात कसे बांधतो, याविषयी मांडणी केलेली होती; तिच्या आधारे या दोघींनी सारांशाच्या क्रिया वेगळ्या केल्या. बिनमहत्त्वाचे गाळणे, पुनरुक्ती गाळणे, अनेक तपशिलांच्या जागी एक व्यापक शब्द घालणे, परिच्छेदाचे मध्यवर्ती वाक्य आयते असेल तर ते निवडणे, आणि नसेल तर ते स्वतः रचणे. गाळण्याची कामे पाचवीच्या मुलांनाही चांगली जमतात. मध्यवर्ती वाक्य रचणे मात्र त्यांना क्वचितच जमले, आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनीही जेथे ते करायला हवे होते त्यांपैकी जेमतेम निम्म्या ठिकाणी केले. म्हणजे आपण ज्याला ‘सारांश लिही’ या दोन शब्दांत मागतो, त्यातला कठीण भाग वयाबरोबर आपोआप येत नाही. वरच्या गांडुळाच्या उताऱ्यातही सगळे सामावून घेणारे एकही वाक्य आयते नाही. ते रचावेच लागते.

व्यापक शब्द घालण्याचे काम त्या मानाने लवकर शिकवता येते आणि मुलांना त्यात मजाही येते. ‘हातोडा, करवत, पाना, पक्कड’ याला ‘अवजारे’ म्हणावे हे त्यांना लगेच समजते. क्रियांच्या बाबतीत थोडे थांबावे लागते. ‘तिने कपड्यांच्या घड्या घातल्या, पेटी भरली, दाराला कुलूप लावले आणि ती स्थानकाकडे चालू लागली’ या चार क्रियांना एका वाक्यात काय म्हणाल, असे विचारले की आधी कोणीतरी ‘तिने कामे केली’ असे म्हणते. हे उत्तर चूक म्हणून सोडून देऊ नये, कारण त्यातच शिकवण्याजोगे बरेच आहे. ‘कामे केली’ हे इतके उंचावरून पाहणे झाले की खालचे काहीच दिसत नाही. ‘प्रवासाला निघाली’ म्हटले की चारही क्रिया दिसेनाशा होऊनही त्यांचा रोख टिकतो. किती उंचावर जायचे याचा अंदाज उदाहरणांनीच येतो, नियमाने येत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. स्वतःचे शब्द येतात कोठून? माझे उत्तर असे की ते उतारा नजरेसमोर असेपर्यंत येतच नाहीत. 1967 मध्ये जॅकलीन सॅक्स यांनी एक प्रयोग केला होता. श्रोत्यांना एक उतारा ऐकवला. त्यात दुर्बिणीच्या इतिहासाच्या संदर्भात ‘त्याने याविषयी गॅलिलिओला पत्र पाठवले’ अशा आशयाचे वाक्य होते. त्यानंतर लगेच विचारले तर वाक्यातला कोणताही बदल त्यांच्या लक्षात येई. पण मध्ये 80 अक्षरावयवांइतका, म्हणजे अर्ध्या मिनिटाहूनही कमी मजकूर गेला, की वाक्याची केवळ रचना बदललेली असेल तर ते त्यांना ओळखता येईना. ‘गॅलिलिओनेच त्याला पत्र पाठवले’ असा अर्थ उलटवला असेल तर मात्र ते चटकन पकडत. समजून घेतलेल्या मजकुराचे शब्द मन स्वतःहून टाकून देते आणि अर्थ ठेवते. आपण मुलांना जे करायला सांगतो, ते त्यांचे मन करतच असते. आपण फक्त उघडे पुस्तक मध्ये आणून त्यात अडथळा घालतो. (पाठांतराच्या सवयीचे मूल याला अपवाद ठरू शकते. ते उतारा तोंडपाठ करून पुस्तक मिटेल आणि जसाच्या तसा लिहून देईल. त्याला एकदाच वाचू द्यावे.)

म्हणून माझ्या वर्गातला क्रम बदलला. वाचा, पुस्तक मिटा, आणि ज्याने हा उतारा वाचलेला नाही अशा सोबत्याला सांगा. लिहायचे नाही, सांगायचे. निम्म्या वर्गाला एक उतारा आणि निम्म्याला दुसरा दिला की हे सहज साधते. ऐकणाऱ्याने ‘का?’ असे विचारले की सांगणाऱ्याच्या तोंडून गळलेला ‘म्हणून’ आपोआप परत येतो, आणि तो मुलाने स्वतः आणलेला असतो. ही युक्ती काही मी शोधलेली नाही. पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विंटिलियन याने सांगून ठेवले आहे की मुलांनी इसापाच्या गोष्टी आधी साध्या भाषेत तोंडी सांगाव्यात, मग तशाच साधेपणाने लिहाव्यात, आणि त्यानंतरच पद्य मोडून गद्यात मांडणे, पुढे ते संक्षेपाने किंवा विस्ताराने स्वतंत्रपणे सांगणे याकडे वळावे. आपण बहुधा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो.

सांगून झाल्यावर लिहायचे, आणि लिहून झाल्यावरच पुस्तक उघडायचे. उघडायचे ते भर घालण्यासाठी नव्हे, पडताळण्यासाठी. कोणाचे काय म्हणणे उलटे झाले, कोणता ‘काही’ किंवा ‘बहुतेक’ सुटला, आपण पदरचे काय घातले, एवढेच पाहायचे. एक तृतीयांश लांबीचा दंडक या टप्प्यावर मी अजिबात सांगत नाही. शब्द मोजायला लागलेले मूल अर्थ मोजत नाही. कथेच्या सारांशाबद्दल एवढेच सांगतो की मुलांच्या ‘मग… मग… मग’ या साखळीत निदान एक ‘पण’ आणि एक ‘म्हणून’ शोधायला लावावा. तो सापडला की गोष्ट कशाबद्दल आहे तेही सापडते.

गांडुळाच्या उताऱ्यावर आमचे तीन तास गेले. शेवटी वर्गाने फळ्यावर एक वाक्य मान्य केले : ‘त्वचा ओली असल्याशिवाय श्वास घेता येत नाही, म्हणून बहुतेक गांडुळे दिवसा ओल्या बिळांत लपतात आणि रात्री वर येतात.’ मी समाधानाने खडू ठेवला, तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, ‘लपतात म्हणजे कोणाला तरी घाबरतात. उताऱ्यात कोणाला घाबरतात ते लिहिलेले नाही.’ दुसऱ्याने सांगितले की ती उन्हाला घाबरतात. पहिला म्हणाला, उतारा घाबरण्याचे बोलतच नाही, कोरडे पडण्याचे बोलतो. पुस्तके उघडली गेली, उतारा पुन्हा वाचला गेला, आणि ‘लपतात’ खोडून त्या मुलाने स्वतःच्या हाताने ‘राहतात’ लिहिले. शब्द उताऱ्यातलाच होता, हे कोणाच्या तरी लक्षात आले. तो म्हणाला, ‘असू दे. तपासून घेतलाय.’