नाडीचा हिशेब

(दृश्य : तपासणीची खोली. साठीच्या एका बाईंच्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ बांधलं जातंय.)

"रोज चालत जा." हा सल्ला बहुतेकांनी ऐकलेला असतो. पण कसं चालायचं? रेंगाळत चालणंही चालणंच, आणि धाप लागेपर्यंत चालणंही.

पावलं मोजून हे कळत नाही. ५००० पावलं धडधाकट तरुणाला किरकोळ. गुडघे धरलेल्या, वजन वाढलेल्या माणसाचा मात्र तेवढ्यात घाम निघतो. कष्ट किती पडले, ते हृदयाला विचारावं.

(दृश्य : घड्याळाच्या पाठीवरचा लुकलुकता हिरवा दिवा.)

रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखाली रक्त वाढतं आणि परतणारा प्रकाश कमी होतो. या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला, हात फार हलला, की आकडा चुकतो. छातीवर बांधायचा पट्टा जास्त भरवशाचा, कारण तो हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो.

हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती पडू शकतात? २२० वजा वय, हा जुना ठोकताळा. या साठ वर्षांच्या बाईंसाठी १६०. मध्यम व्यायाम म्हणजे त्याच्या ६४ ते ७६ टक्के. मिनिटाला साधारण १०२ ते १२२ ठोके. एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, म्हणून या आकड्याला चिकटून बसू नये.

रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर हे गणित लागूच पडत नाही; त्या ठोके फार वाढू देत नाहीत. तिथे साधी खूण : चालताना बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये. घड्याळ विकणाऱ्यांना ही फुकटची खूण आवडायची नाही!

(दृश्य : दवाखान्याचा लांब कॉरिडॉर. बाई चालताहेत. पडद्यावर १०८.)

"एवढंच? मला वाटलं पळावं लागेल."

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला. बाईंच्या खात्यात आज पहिली ६ मिनिटं जमा झाली. पुढच्या भेटीत "चालता ना?", "हो, चालते की" एवढ्यावर भागणार नाही, नोंद टेबलावर असेल. डॉक्टरांनी ती नोंद रागावण्यासाठी वापरली, तर घड्याळ कपाटात जाईल.

(दृश्य : तोच कॉरिडॉर, काही आठवड्यांनंतर. तोच वेग. पडद्यावर ९७.)

बाई आकड्याकडे बघतात, पदर खोचतात आणि पाय उचलतात.