स्वतःपुरता एक नेम

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि लेकीच्या निमित्ताने आता माझ्याही झालेल्या मंडळींनो,

संक्रांतीच्या मेळाव्यात पाहुण्या बाईने तिळगूळ घ्यावा, चार गोड शब्द बोलावेत आणि खाली बसावे, हा रिवाज मला ठाऊक आहे. परंतु ठाण्याहून इथे परदेशी लेकीकडे यायला निघताना एक गोष्ट मनात घेऊन आले आहे आणि ती इथेच बोलावीशी वाटते. या सभागृहातील निम्मी मंडळी मूळची ठाणे-नवी मुंबईकडची, म्हणजे नौपाडा, पाचपाखाडी, वाशी नाहीतर नेरूळची आहेत, असे मला सकाळपासून कळले आहे. त्यामुळे मी सांगते आहे ते घर तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.

यंदा १ जानेवारीच्या रात्री आमच्याकडे जेवणानंतर नव्या वर्षाचे संकल्प लिहिले गेले. माझ्या मुलाने स्वच्छ अक्षरात कागद तयार करून फ्रिजच्या दारावर चिकटवला. गणितात नव्वदच्या वर गुण, रात्री नऊनंतर मोबाईल बंद, रोज अर्धा तास अवांतर वाचन, चिडचिड कमी. आणि सगळ्यांत खाली, सर्वांनी रोज चालायला जाणे. त्याची लेक, म्हणजे माझी नात, नववीत आहे. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि शांतपणे विचारले, "बाबा, यातले पहिले चार माझ्यासाठी आहेत आणि पाचवा कुणाचाच नाही. तू स्वतः काय करणार आहेस?"

पुढचे सांगत नाही. दहावीच्या उंबरठ्यावरचे मूल घरात असले की शब्दाला शब्द कसा लागतो, हे तुम्ही जाणता. कागद त्याच रात्री निघाला आणि दारावर चिकटपट्टीचे दोन तुकडे तेवढे राहिले. तिचा प्रश्न मात्र माझ्या मनातून निघेना, कारण तो उद्धट नव्हता. तो बरोबर होता.

आपल्याकडे संकल्प ही काही नवी गोष्ट नाही. घरात सत्यनारायण असो वा वास्तुशांत, गुरुजी आधी देशकालाचा उच्चार करतात: शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग यजमानाचे गोत्र आणि नाव, आणि त्यानंतर तळहातावरून ताम्हनात उदक सोडायचे. लहानपणी हा सारा भाग मला प्रसाद लांबवणारा वाटे. आज त्यातली व्यवस्था दिसते. माणसाने काही ठरवण्यापूर्वी आपण कुठे उभे आहोत आणि कोणत्या काळात उभे आहोत, हे नीट पाहून घ्यावे. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, क्षेम, स्थैर्य, आयुष्य आणि आरोग्य हे फळ सकुटुंब, सपरिवार सगळ्यांसाठी मागितले जाते, पण करण्याचा भार यजमान स्वतःच्या नावावर घेतो. आमच्या फ्रिजवरच्या कागदावर याच्या नेमके उलटे झाले होते. करण्याचा भार नातीच्या नावावर आणि समाधान मात्र आईवडिलांच्या.

दुसरे, आपल्या आया-आज्यांचे चातुर्मासातले नेम आठवा. आषाढी एकादशीला धरायचे आणि कार्तिकीला सोडायचे. कुणी पानावर जेवे, कुणी कांदा-लसूण आणि वांगे वर्ज्य करी, कुणी रोज पोथीची एक ओवी तरी वाची. माझ्या आईने एका वर्षी जेवताना न बोलण्याचा नेम धरला होता. तिने तो कुणाला सांगितला नव्हता. वाढताना ती नुसती मान हलवते आहे, हे आम्हा मुलांच्या लक्षात यायलाच काही दिवस गेले, आणि लक्षात आल्यावर पंगतीतला आमचा आवाज आपोआप खाली आला. ती आम्हाला एकदाही गप्प बसा म्हणाली नाही. त्या नेमांना आकार लहान होता, मुदत ठरलेली होती आणि शेवटी उद्यापन होते. घेतला वसा टाकू नये, असे कहाण्यांत बजावलेले असे खरे, पण तो वसा चार महिन्यांचा असे, जन्माचा नव्हे. आपण मात्र थेट वर्षभराची उडी ठरवतो, ती संक्रांतीपर्यंतही पुरत नाही, आणि मग उरलेले अकरा महिने स्वतःला बोल लावत काढतो.

आधुनिक अभ्यासही याच्याजवळ येतो, म्हणून त्याचा उल्लेख करते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना खाण्यापिण्याची किंवा हालचालीची एक छोटी सवय निवडायला सांगून १२ आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवले. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला थेट २५४ दिवस लागतील, असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. एक दिवस खाडा झाला की सारे मोडले, ही समजूत आपण उगाच बाळगतो आणि मुलांच्याही गळी उतरवतो.

आमच्या शेजारी एक काका आहेत. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे ते जुने सभासद आहेत. १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांनी ऐन विशीत ज्याच्या उभारणीत पुढाकार घेतला, ते स्टेशनजवळचे ग्रंथसंग्रहालय. निवृत्तीनंतर काकांनी ठरवले की, तलावपाळीला फेरी मारून परतताना पुस्तक बदलायचे. किती वाचायचे, हे त्यांनी ठरवले नाही. गुडघा दुखत असेल त्या आठवड्यात ते जात नाहीत आणि त्याबद्दल हळहळतही नाहीत. पुढच्या आठवड्यात कापडी पिशवी पुन्हा खांद्याला दिसते. माझ्या नातीला गेल्या वर्षी वाचनाची गोडी लागली, ती या पिशवीत डोकावूनच. फ्रिजवरच्या कागदातले अर्ध्या तासाचे वाचन तिला नकोसे झाले, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

आता तुमच्याकडे वळते, आणि संक्रांतीच्या दिवसांत बोलते आहे, म्हणून गोडच मानून घ्या. इथे आल्यापासून मी अनेक घरांत जेवले आणि अनेक संकल्प ऐकले. मुलांनी घरात मराठीच बोलावे. आईने ठाण्यात रोज पाच हजार पावले चालावे, त्यासाठी मनगटी घड्याळ पाठवले आहे आणि आकडा इकडे मोबाईलवर दिसतो. बाबांनी साखर बंद करावी. मंडळाने दिवाळी अंक वेळेवर काढावा. या प्रत्येकामागे माया आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु यात काम करणारा दुसरा आणि ठरवणारे आपण, अशीच वाटणी आहे. पावले कमी भरली म्हणून सात समुद्रांपलीकडून फोन येतो, तेव्हा ती आई पाय का दुखतात हे सांगत नाही. उद्या चालते, एवढेच म्हणते. अशा आया माझ्या इमारतीत राहतात, म्हणून सांगते. त्यांच्या पावलांवर नजर ठेवण्याऐवजी तुम्ही स्वतः एक नेम धरा, की रविवारच्या फोनवर पहिली दहा मिनिटे मी काहीही सुचवणार नाही, नुसते ऐकेन. मुलांच्या मराठीचेही तेच. त्यांना दटावण्याआधी आपण नवराबायको जेवणाच्या टेबलावर एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतो, तेवढे पाहावे.

जानेवारी हुकला तरी बिघडत नाही. आपल्या पदरात नवी वर्षे पुष्कळ आहेत. येत्या १९ मार्चला पाडवा आहे, शके १९४८ सुरू होईल, ठाण्या-डोंबिवलीच्या रस्त्यांवर स्वागतयात्रा निघतील. त्यानंतर अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदेचा अर्धा मुहूर्त. साडेतीन मुहूर्तांची ही सोय आपल्याकडे असताना एकाच तारखेला सगळ्या अंगाने सुधारण्याची घाई का करावी, हे मला उमगत नाही. यातल्या एखाद्या दिवसापासून चहातली अर्धा चमचा साखर कमी केली, किंवा रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, तरी ते पुरेसे आहे. ते फ्रिजवर लावण्याचेही कारण नाही.

मुलाशी माझे यावर बोलणे झाले आहे. तो ऐकतो, पण जूनमध्ये लेक दहावीत जाईल ही धास्ती त्याला आहे, आणि ती खोटी आहे असे मला म्हणता येत नाही. आमच्या भागात दहावीचे वर्ष कोणत्याच घरात सौम्यपणे जात नाही. माझी चिंता वेगळी आहे. निघण्याच्या आदल्या रात्री मी नातीला विचारले, "तुला स्वतःला या वर्षी काय करावेसे वाटते?" ती बराच वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, "आजी, मला कुणी असं विचारलंच नाही, त्यामुळे काय सांगायचं ते कळत नाही." आजवर तिच्या वाट्याला आलेले सगळे संकल्प दुसऱ्यांनी लिहिलेले होते. स्वतःचे म्हणून काही ठरवावे, अशी इच्छा तिच्या मनात दहावीच्या या धामधुमीतून तगून राहील का, आणि तुमच्या घरांतील तिच्या वयाच्या मुलांच्या मनात ती आज कितपत शिल्लक आहे, हे मला खरोखर ठाऊक नाही.