लस बाळाला, विचारपूस आईचीही

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. मुसलमान घरांत चाळीस दिवसांचा चिल्ला असतो. मग न्हाणं होतं, बाळाला बाहेर काढतात, आणि बाई पुन्हा विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसते. त्याच सुमारास, दीड महिना भरला की, बाळाच्या पेंटाचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीचा, पहिला डोस येतो. सोलापूरच्या पूर्व भागात परिचारिका म्हणून मी कितीतरी वर्षं हा डोस दिला. समोर आई बसलेली असायची, आणि मी मात्र बाळाची मांडी तेवढी बघायची. त्या आईबद्दल आज बोलायचं आहे.

आधी लशीचं सांगते. आपलं शहर चार भाषांचं. मागावर आणि विड्यांवर जगणाऱ्या वस्त्यांत घरात तेलुगू चालते, पलीकडच्या गल्लीत कन्नड, त्यापुढे दखनी. आमचे फलक मात्र मराठीत. एक बाई दर वेळी दार लोटून घ्यायची. मी तिला अडाणी समजत होते. पुढे तिच्या जावेने तिचा प्रश्न मला सांगितला, "सूदि वेस्ते जरम वस्तदा?" सुई दिली की ताप येतो का? विडीची मजुरी हजारावर मिळते. बाळ तापलं तर रात्र जागून जाते आणि दुसऱ्या दिवशी हजार भरत नाहीत. तिचा नकार या हिशेबातून आला होता. ताप येऊ शकतो, एक-दोन दिवस राहतो, त्यावरचं औषध आम्ही देतो आणि कसं द्यायचं तेही सांगतो, एवढं तिच्या भाषेत कळल्यावर ती स्वतः बाळाला घेऊन आली. मी तेलुगू शिकले ती त्या बाईमुळे.

प्रत्येक वस्तीच्या भीतीला तिचं स्वतःचं कारण असतं. आपल्याकडे सेटलमेंट नावाचा भाग आहे. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेत. तो कायदा 1952 साली रद्द झाला. ज्यांच्या आज्याने ती हजेरी दिली, त्यांच्या दारात आपण वही घेऊन जातो आणि पहिलाच प्रश्न करतो, "पोरं किती? नावं सांगा." ते गप्प बसणारच. तिथे वही पिशवीत ठेवून आधी ओट्यावर बसावं लागतं, पाणी प्यावं लागतं.

गोवर-रुबेलाच्या लशीने पुढे मूल होत नाही, असंही काही घरांत सांगितलं जायचं. तिथे आमच्या भाषणांचा उपयोग झाला नाही. गल्लीतले एक वृद्ध हाजीसाहेब उठून म्हणाले, "हज को जाने से पहले हमना भी सुई लगती." खरं आहे ते. मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय हजला जाता येत नाही. त्या दिवशी माझ्या पेटीतल्या लशी कमी पडल्या.

गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. तो खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तास हवेत राहतो. सात माणसं राहतात आणि विड्याही वळल्या जातात अशा दहा बाय बाराच्या खोलीत हे काय होत असेल, ते तुम्हीच बघा. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीला आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा लहान मुलं दगावली. म्हणून नवव्या महिन्याचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा, हे दोन्ही डोस चुकवू नका.

आता आईकडे येते. बाळंतपणानंतर काही जणींचं मन आठवडेच्या आठवडे बसलेलं राहतं. रडू येतं, झोप लागत नाही, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही. पण त्या असं सांगत नाहीत. दखनी बोलणारी म्हणते, "जी घबराता." तेलुगू बोलणारी म्हणते, "मनसु बागा लेदु", मन बरं नाही. मराठी बाई म्हणते, डोकं गरगरतं, छातीत धडधडतं. आपण तिला रक्तवाढीची गोळी देतो आणि पुढचा नंबर पुकारतो. माझ्या हातून हे अनेकदा झालं. एक मुलगी तीन डोसांना तीनदा आली आणि तिन्ही वेळा डोकं दुखतं म्हणाली. चौथ्या खेपेला तिची आई एकटी आली. मुलगी अंथरुणातून उठत नाही, म्हणाली. तेव्हा कुठे मी तिच्या घरी गेले. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात तिचे उपचार झाले, आता ती बरी आहे. पण पहिल्याच खेपेला मी दोन मिनिटं बसले असते, तर तिचे ते महिने वाचले असते.

सासूबाईंना माझी विनंती आहे. सुनेला "नाटकं करते" म्हणू नका. दर्ग्यावर जायचं, देवीला नारळ ठेवायचा, तर जरूर जा. त्याबरोबर डॉक्टरांकडेही जा. मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा 2017 च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे, आणि त्यात धर्म, जात, वर्ग यांवरून भेद करता येत नाही. घराबाहेर पडणं जमत नसेल तर 14416 हा क्रमांक लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो. मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड, ज्या भाषेत मन मोकळं होईल त्या भाषेत बोला.

माझ्या आशाताई आणि नर्सताई ऐकत असतील, तर त्यांच्यासाठी एवढंच: सुई देऊन झाली की बाळाला क्षणभर स्वतःच्या कडेवर घ्या आणि आईला तिच्या भाषेत विचारा, "तुला झोप लागते का गं?" मग थांबा. उत्तर लगेच येत नाही.

आणि घरच्यांनो, तुमच्या भागात लसीकरण कोणत्या दिवशी असतं ते आशाताईंना विचारून ठेवा. येताना बाळाचं कार्ड आणा. कार्ड हरवलं असेल, तारीख उलटून गेली असेल, तरीही या.

नमस्कार.