प्रेमाच्या आड प्रकाशाचा वेग

नमस्कार श्रोतेहो, आज प्रेमाच्या कादंबऱ्यांवर बोलायचंय, पण ज्यांच्यात मधेच विज्ञानकथा शिरते ना, त्यांच्यावर. म्हणजे दोघं भेटतात, जीव जडतो, आपण म्हणतो आता घरचे आड येणार नाहीतर काहीतरी गैरसमज होणार, आणि मग कळतं की अडचण भलतीच आहे, दोघांतला एक जण काळात मागेपुढे जातो, किंवा दुसऱ्या ग्रहावर राहतो. मला हा प्रकार मनापासून आवडतो.

कारण प्रेमकथेला काहीतरी आडवं यावंच लागतं. पूर्वी घराणं, पैसा, लढाई, हरवलेलं पत्र असं काहीतरी यायचं. आता फोन खिशात असतो, दोन मिनिटं नीट बोललं की अर्धे गैरसमज मिटतात, मग लेखकाने करायचं काय? विज्ञान त्याला असा अडसर देतं की ज्याच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. बापाचं मन वळवता येतं हो, प्रकाशाचा वेग कसा वळवणार!

ऑड्री निफेनेगर यांची 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' २००३ साली आली, ती मिळाली तर नक्की वाचा. त्यातला हेन्री शिकागोच्या एका लायब्ररीत काम करतो आणि त्याला असा जनुकीय दोष आहे की तो अचानक गायब होऊन दुसऱ्याच काळात जाऊन पडतो. कधी जाणार, कुठे जाणार, काही हातात नाही, अंगावरचे कपडेसुद्धा बरोबर जात नाहीत. क्लेअर त्याला पहिल्यांदा बघते तेव्हा ती सहा वर्षांची असते आणि समोरचा माणूस पुढच्या काळातून आलेला, तिच्याशी लग्न झालेला. आणि त्याच्या बाजूने पहिली भेट होते तेव्हा तो अठ्ठावीसचा, ती वीसची, ती त्याला लायब्ररीत बघून आनंदाने वेडी होते, जेवायला बोलावते, आणि हा बिचारा विचार करतोय की ही मुलगी कोण! एकाच जोडप्याच्या दोन पहिल्या भेटी, आणि दोन्ही वेळी एकालाच सगळं माहीत. हेन्रीला हवं तेव्हा हवं तिथे जाता आलं असतं तर ती नुसती साहसकथा झाली असती, त्याच्या हातात काही नाही म्हणून ती प्रेमकथा आहे.

आता मंगळ घ्या. पृथ्वीवरून मंगळावर मेसेज पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, ग्रह किती लांब आहेत त्यावर. समजा आज १८ लागतायत. ती इथून रागाच्या भरात नको ते बोलून बसते, दहा मिनिटांनी डोकं शांत होतं, ती माफी मागते, पण पहिला मेसेज अजून पोचलेलाच नाही, अजून आठ मिनिटांनी तो त्याच्या कानावर पडणार हे तिला घड्याळात दिसतंय आणि थांबवता येत नाही. माफी त्याच्या दहा मिनिटं मागे. त्या दहा मिनिटांत तो काय उलटून बोलेल, आणि ते इथे पोचेपर्यंत तिने काय करायचं? एवढ्यावर एक अख्खं प्रकरण होतं, आणि त्यात खोटं काहीच नाही.

किंवा तो प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने जाऊन परत येतो. घरी १० वर्षं गेली तर त्याच्या घड्याळात ६ होतात, आइनस्टाइनने १९०५ साली मांडलेलं गणित आहे हे, आणि १९७१ मध्ये विमानातून अणुघड्याळं फिरवून घड्याळांत खरोखर फरक पडतो हे तपासलंही. दोघांनीही वाट बघितली, पण सारखी नाही बघितली. परत आल्यावर तो म्हणणार मी सहा वर्षं तुझ्याविना काढली, आणि तो खरंच बोलत असणार, तरी तिला ते ऐकवणार नाही.

मला राग येतो तो शेवटच्या पानावरच्या धक्क्याचा. तीनशे पानं आपण जीव लावायचा आणि शेवटी कळणार की ती यंत्र होती, किंवा हे सगळं कॉम्प्युटरमधलं स्वप्न होतं. ही वाचकाची फसवणूक आहे. तसंच नियम ठरवायचा आणि शेवट गोड व्हावा म्हणून कुणीतरी अचानक नवं मशीन शोधायचं, हेही नको.

गोड शेवट मला आवडतात बरं का, लिहिणाऱ्यांनी जरूर करावेत, फक्त त्याच नियमात बसवून. मंगळावरून परत यायला त्याला लागू देत की सात-आठ महिने. आणि तो आल्यावर एका खोलीत समोरासमोर बसून, उत्तर लगेच यायला लागल्यावर, ती दोघं कशी भांडतात ते मला वाचायचंय. नमस्कार.