मुका रेडिओ

(डॅशबोर्ड. चावी फिरते. मधली चौकट काळीच राहते.)

चावी फिरली. पंखा घरघरला, इंडिकेटर टकटकला. मधली चौकट मात्र ढिम्म. आकडे नाहीत, घड्याळ नाही, बटणांमागचा उजेडसुद्धा नाही.

अशा रेडिओचं निदान बहुधा उभ्याउभ्याच होतं. गेला, नवा टाका. आम्ही कॅमेरा लावला तो त्यानंतरच्या दुपारसाठी.

(फ्यूज बॉक्सचं झाकण निघतं. रंगीत फ्यूज अगदी जवळून.)

लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. या गाडीच्या काळातल्या बऱ्याच रेडिओंना वीज दोन वाटांनी येते. एक कायमची, जिच्यावर घड्याळ आणि साठवलेली स्टेशनं तग धरतात. दुसरी चावीबरोबर येणारी, जी रेडिओला उठवते. दोन्हींचे फ्यूज वेगळे. शिवाय पुष्कळदा तिसरा एक खुद्द रेडिओच्या पाठीवर असतो आणि तो हमखास विसरला जातो.

फ्यूज उपटायचीही गरज नाही. त्याच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. टेस्ट लॅम्प म्हणजे टोकदार सुई असलेला छोटा दिवा, त्याची वायर गाडीच्या धातूला लावलेली. त्याचं टोक एकावर, मग दुसऱ्यावर. दोन्हीकडे पेटला. फ्यूज शाबूत. (उडाला असता तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. मोठा घातला की फ्यूजऐवजी वायर जळते.)

आता वर बघा, छतातला दिवा. या गाडीत तो रेडिओच्या कायमच्या विजेच्याच फ्यूजवर आहे, आणि छान पेटतो. बहुतेक जण इथेच फसतात. दिवा पेटतोय म्हणजे वीज येतेय, वीज येतेय म्हणजे रेडिओच मेला. पण फ्यूजच्या पुढे दिव्याची वायर वेगळी जाते आणि रेडिओची वेगळी.

(वाकवलेल्या दोन तारा चौकटीच्या भोकांत शिरतात. खट्.)

हा आवाज ऐकण्यासाठी हा भाग आम्ही तीनदा चित्रित केला. १८२ मिलिमीटर रुंद, ५३ मिलिमीटर उंच, जर्मन मापानं ठरलेला हा खाचा कितीतरी कंपन्यांनी उचलला. तारा आत गेल्या की बाजूच्या पात्या दबतात आणि रेडिओ टेबलाच्या खणासारखा सरकत बाहेर येतो.

विजेची ओढाताण गाडीतल्या रेडिओच्या पाचवीलाच पुजलेली आहे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटोरोला नावानं गाडीसाठी रेडिओ विकायला काढला, तेव्हा आत व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्यांना शंभराच्या वर व्होल्ट हवे, आणि गाडीत बॅटरी सहा व्होल्टची. पुढे त्यासाठी व्हायब्रेटर आला. तो व्होल्ट वाढवायचा आणि सतत गुणगुणायचाही. १९५५ मध्ये क्रायस्लरनं फिल्कोकडून सगळा ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ आणला तेव्हा कुठे ती गुणगुण थांबायला सुरुवात झाली.

(रेडिओची पाठ. दोन कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग, एक काळा, एक तपकिरी.)

काळ्यात वीज, तपकिरीत स्पीकर. काळ्यातली चौथी पिन कायमची वीज, सातवी चावीची, आठवी अर्थ, म्हणजे वीज परत जाण्याची वाट. काही कंपन्यांनी चौथी आणि सातवी चक्क अदलाबदल केली, आणि वायरचे रंग तर ज्याचे त्याचे. त्यामुळे रंग बघून ठरवू नका, मोजा.

मीटरची लाल काडी चौथ्या पिनवर, काळी आठव्यावर. पडद्यावर काय दिसतं ते बघा. १२.४ व्होल्ट. चावी फिरवल्यावर सातव्या पिनवरही तेवढेच.

म्हणजे वीज येतेय, अर्थ आहे, आणि रेडिओ मेलेला आहे. मीटरवर विश्वास ठेवणारा माणूस इथे कपलर कापतो आणि नवा रेडिओ जोडतो. मूळ रेडिओची परतीची वाट त्या कात्रीबरोबर संपते.

आमच्या इलेक्ट्रिशियननं मीटर बाजूला ठेवला आणि पुन्हा तो साधा टेस्ट लॅम्प उचलला.

(लॅम्पचं टोक चौथ्या पिनवर. दिवा पेटत नाही. बराच वेळ.)

१२.४ व्होल्ट आहेत आणि छोटा दिवा पेटत नाही. डिजिटल मीटर मोजताना जवळजवळ करंट ओढतच नाही. त्याचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम. वाटेत गंजाचा थर असला तरी त्यातून झिरपून आलेलं त्याला पुरतं आणि तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. दिव्याला खरा करंट लागतो. रेडिओलाही. लोड, म्हणजे करंट ओढणारं काही, दिल्याशिवाय मोजलेलं व्होल्टेज म्हणजे बंद नळापाशी मोजलेला पाण्याचा दाब. तोटी उघडल्यावर धार किती येते ते त्यावरून कळत नाही.

आता वायरचा माग. कपलरपासून वीतभर मागे बोटांना जाड, चिकट काहीतरी लागलं.

(काळी टेप उलगडते. आवाज नाही.)

कधीकाळी कुणीतरी इथून अलार्मसाठी वीज काढली होती. अलार्म केव्हाच गेला. मागे उरली ती मध्येच कापलेली वायर, हातानं पिळून परत जोडलेली आणि वर टेप. डाख नाही, वर आकसून बसणारी नळी, म्हणजे स्लीव्ह, नाही. तांब्याचे पदर एकमेकांना टेकलेले दिसतात, पण मधला हिरवा थर बघा.

(दुसरा रेडिओ, उघडलेला, टेबलावर.)

खरोखर गेलेलाही एक दाखवायला हवा, म्हणून हा. बॅटरीच्या वायर उलट्या जोडल्या गेल्या होत्या. विजेच्या वाटेवर आडवा बसवलेला हा चिमुकला डायोड, जो एकाच दिशेनं वीज जाऊ देतो, स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि मागचं सगळं वाचवतो. नवा फ्यूज घातला की तोही लगेच उडतो, कारण डायोड शॉर्टच राहतो. लोक याला जळलेला रेडिओ म्हणतात. मला विचाराल तर हासुद्धा मेलेला नाही.

परत गाडीत. बॅटरीचा निगेटिव्ह काढला. हिरवा भाग कापून टाकला, चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर सोलली, स्लीव्ह आधी ओवून घेतली, मग डाख.

(डाख वितळून तारांत शिरते. धुराची रेघ. स्लीव्ह आकसते.)

लॅम्प पुन्हा चौथ्या पिनवर. पेटला.

कपलर बसला, रेडिओ सरकून आत गेला, खट्. चावी.

(पडद्यावर अक्षरं उमटतात: कोड.)

हा बिघाड नव्हे. वीज तुटली की चोरी झाली असं समजून हा रेडिओ कुलूप लावून घेतो. चार आकडे मागतो, आणि अंदाजानं चुकीचे देत राहिलात तर ताटकळत ठेवतो. मूळ पुस्तिकेच्या खिशात कार्ड सापडलं. गाडीबरोबर पुस्तिका जपणारा मालक मिळाला हे आमचं नशीब.

पहिला आकडा. दुसरा. तिसरा. चौथा.

(खरखर. स्टेशन लागतं. मालकाचा चेहरा.)

मागचा डावा स्पीकर अजून गप्प आहे.