जांभळ्या ड्रॅगनला त्याच्याच घरातनं हाकललं, त्याची गोष्ट

काय मंडळी, बरं हाय न्हवं? रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलोय, मागं शालिनी पॅलेस दिसतोय बघा, वारा लई सुटलाय त्यामुळं मधेच माईकमध्ये फुर्रफुर्र झालं तर सांभाळून घ्या.

आज विषय एका राईडचा. राईड आपल्याकडची न्हाई, अमेरिकेत फ्लोरिडाला डिस्नेचं एपकॉट म्हणून पार्क हाय, तिथली. आता तुम्ही म्हणणार, लेका तू फ्लोरिडाला कधी गेलतास? न्हाई गेलो. विमानात बसलोय ते आयुष्यात एकदा, तेबी पुण्यास्नं दिल्लीला. ही राईड मी लॉकडाऊनमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर बघितलीय, लोकांनी त्या काळात हँडीकॅमवर शूट केलेली, हलणारी, अंधारी, मधेच कुणाचं तरी पोरगं ओरडतंय असली रेकॉर्डिंगं. आणि ती राईड मोडली हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं, म्हणजे जिच्यात मी कधी बसलोच न्हाई तिच्यासाठी. खुळ्यागत वाटंल, पण ऐका.

एपकॉट उघडलं १ ऑक्टोबर १९८२ ला. त्यात इमॅजिनेशनची, म्हणजे कल्पनाशक्तीची, एक आख्खी बिल्डिंग होती, काचेच्या दोन पिरॅमिडांची, आणि तिचा स्पॉन्सर होता कोडॅक. तोच, आपला पिवळ्या डबीतला रोलवाला. बिल्डिंग उभी राहिली पण आतली मेन राईड काय वेळेत तयार झाली न्हाई, ती चालू झाली ५ मार्च १९८३ ला. नाव जर्नी इनटू इमॅजिनेशन, आणि डिझाइन करणाऱ्या टीमचा म्होरक्या टोनी बॅक्सटर.

आता आत काय होतं. तुमची गाडी अंधारात शिरती, आणि ढगातनं एक यंत्र तरंगत येतंय, वर फुगा, खाली नळ्या, भोंगे, पंखे, निव्वळ जुगाड, आणि ते चालवतोय लाल दाढीवाला, निळा कोट, उंच टोपी घातलेला एक खुशालचेंडू गडी. नाव ड्रीमफाइंडर. ह्याचा धंदा काय, तर आकाशातनं कल्पना गोळा करत फिरायचं. आणि गोळा करता करता तो तुमच्या डोळ्यांसमोर एक प्राणी बनवतोय, शिंगं बैलाची, रंग जांभळा, स्वभाव लहान पोराचा, हे पायजे ते पायजे करणारा. छोटासा ड्रॅगन. त्याचं नाव फिगमेंट.

हा सीन नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं रडगाणं ह्याच्यावरच हाय. अशा राईडमध्ये गाडी थांबत न्हाई, सरकत राहती, त्यामुळं कुठलंबी पात्र तुम्हाला चार-पाच सेकंद दिसतंय आणि मागं पडतंय. मग एवढा लांबलचक संवाद करायचा कसा? तर ह्या लोकांनी आख्खा सीनच एका भल्यामोठ्या फिरत्या चकतीवर चढवला. चकतीचे पाच भाग, पाचीमध्ये तोच ड्रीमफाइंडर, तेच यंत्र, आणि तुमची गाडी चकतीच्या कडेनं, चकतीच्याच चालीनं फिरणार. म्हणजे कसं, तुम्ही रंकाळ्याला फेरी मारताय आणि शेजारनं दोस्त तुमच्याच चालीनं चालत गप्पा हाणतोय, तसं. बाहेरनं बघितलं तर पाच पुतळे गोल फिरालेत, पण आत बसलेल्या पोराला वाटतंय हा माणूस माझ्याशीच बोलालाय. ८३ साली! विषय हार्ड हाय का न्हाई.

फिगमेंटचे दोन किस्से सांगतो आणि पुढं जातो. इंग्रजीत 'फिगमेंट ऑफ इमॅजिनेशन' म्हणतात, म्हणजे आपण म्हणतो न्हवं, मनाचे खेळ. बॅक्सटर टीव्हीवर एक मालिका बघत होता, त्यात बागेत शिरलेल्या एका बोकडावरनं हा शब्द आला आणि त्याच्या डोक्यात पेटली, की हा शब्द सगळ्यांना माहीत हाय पण फिगमेंट दिसतो कसा हे कुणीच बघितलेलं न्हाई. दुसरा किस्सा असा सांगतात की ड्रॅगन आधी हिरवा ठरलेला, पण हिरवा म्हणजे फुजीचा, कोडॅकच्या टक्करीतल्या रोलवाल्या कंपनीचा रंग, आणि पैसे तर कोडॅकचे. ज्यांनी रोलचा जमाना बघितलाय त्यांना हे समजावून सांगायला नको, फोटो स्टुडिओच्या दारावर एकतर पिवळी पाटी असायची न्हाईतर हिरवी. झाला मग ड्रॅगन जांभळा.

पुढं चित्रकलेची खोली, साहित्याची, नाटकाची, विज्ञानाची, सगळीकडं हेच दोघं, आणि सगळ्याला बांधणारं एक गाणं, वन लिटल स्पार्क, डिस्नेची गाणी करणाऱ्या शेरमन बंधूंचं. एक ठिणगी पुरती, बाकी तुमचं तुम्ही पेटवा, असला भाव. आणि शेवटी काय, तर वाटेत तुमचा गुपचूप फोटो काढलेला असायचा आणि बाहेर पडायच्या आधी तो पडद्यावर यायचा. फिगमेंट कधी डोंगर चढतोय, कधी समुद्री चाचा झालाय, आणि त्याच्याच रांगेत तुम्ही. वरच्या मजल्यावर इमेज वर्क्स, रंगीत निऑनच्या कड्यांचा बोगदा, पाय ठेवला की सूर वाजणारी जमीन, पोरं तिथनं हालायची न्हाईत. आणि बाहेर अंगणात खराखुरा ड्रीमफाइंडर फिरायचा, नट असायचा, दाढीबिढी लावून, हातावर फिगमेंटची बाहुली, आणि तो फिगमेंट पोरांच्या खोड्या काढायचा.

आता मी जरा माझ्या आजोळाला जातो, लगेच येतो परत.

कागल तालुक्यात आमचं आजोळ. जत्रेला तिथं लाकडी पाळणा यायचा, चारच पेट्यांचा, ना मोटर ना लाईट, दोन गडी खालनं ढकलायचे. त्यातल्या एकाला आम्ही सगळी पाळणेवाले मामा म्हणायचो. आता त्या पाळण्यात थरार म्हणाल तर काय न्हाई, दुमजली घराएवढाबी वर जात नसंल. पण मामा बसवतानाच विचारायचा, कुणाचा रं तू? सांगितलं की आजोबांचं नाव घेऊन वर सोडायचा, आणि वर गेलं की खालनं हाक, "दिसतंय का रं घर?" दिसायचं न्हाई, पण आम्ही दिसतंय म्हणायचो. एखादं रडायला लागलं तर दांडीला लोंबकळून थांबवायचा आणि उतरवून पुन्हा वर फुकटात बसवायचा, शेजारी मोठं पोरगं देऊन.

मग मी सातवी-आठवीत असताना विजेचा आला. उंच, लखलखता, वर स्पीकर. आम्ही नाचलो, खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी तीनदा बसलो. तिसऱ्यांदा धाकटी बहीण संगं होती, वर गेल्यावर ती घाबरून ओरडाय लागली, मीबी ओरडलो, आणि खाली जनरेटरचा आवाज, त्यावर गाणं, आणि बटणापाशी बसलेला माणूस पाठ करून चहा प्यालाय. ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या झाल्यावरच थांबला. तो काय वाईट न्हवता हो, त्याला ऐकूच आलं न्हाई. ऐकू येणं हे त्याच्या कामातच न्हवतं.

तर आता परत फ्लोरिडा.

नव्वदीत शेवटाला कोडॅकला आणि डिस्नेला वाटलं राईड जुनी झाली. आता हे चूक न्हाई, पंधरा वर्षं झालेली, नवं काहीतरी पायजेच की. २००० साल येणार म्हणून एपकॉटमध्ये मोठा सोहळा ठरलेला. १० ऑक्टोबर १९९८ ला जुनी राईड बंद केली आणि १ ऑक्टोबर १९९९ ला, सोहळ्याच्या पहिल्याच दिवशी, नवी उघडली. नावात फक्त एक शब्द घातला, जर्नी इनटू 'युवर' इमॅजिनेशन. तुमच्या कल्पनेचा प्रवास. आणि ह्या 'तुमच्या'नंच घात केला.

ड्रीमफाइंडर गायब. चकती गायब, रूळ कापून तो भागच तोडून टाकला, वेळ जवळजवळ निम्म्यावर. गाणं जवळपास गायब. वरचा मजला बंद. फिगमेंट कुठंतरी ओझरता, दिसला न दिसला. त्यांच्या जागी आली एक संशोधन संस्था, इमॅजिनेशन इन्स्टिट्यूट, जी शेजारच्या थ्रीडी शोमध्ये आधीपासनं होती, तिचा प्रमुख डॉक्टर नायजेल चॅनिंग, म्हणजे एरिक आयडल, ब्रिटिश विनोदी नट, माणूस एकदम टॉप. त्याची काय चूक न्हाई. पण त्याच्या तोंडी दिलं काय, तर सुरुवातीलाच तुमचं डोकं स्कॅन करायचं आणि निकाल काय, तर आत कल्पना न्हाईच. रिकामं! आता आमच्या लॅबमध्ये चला, आम्ही भरतो.

अरे मर्दा! तिकीट काढून, रांगेत उभं राहून, पोराला घेऊन आलेल्या माणसाला तू सांगतोस तुझं टाळकं रिकामं हाय? म्हणजे पाहुणा दारात आला, "या या बसा" सोडाच, त्याला म्हणायचं आधी वजनकाट्यावर उभं ऱ्हावा. जुन्या राईडमध्ये एक माणूस म्हणत होता, तुझ्याकडं हाय, चल मिळून काहीतरी बनवू. नवीत एक संस्था म्हणती तुझ्याकडं न्हाई, आमच्याकडं हाय. बिल्डिंग तीच, रुळाचा मोठा भाग तोच, स्पॉन्सर तोच, आणि अर्थ नेमका उलटा झाला. माझं भांडण हितंच हाय. लोक म्हणतात जुन्याच्या आठवणी म्हणजे नुसता हळवेपणा, असंल, थोडा असतोच, पण हितं लोकांनी हळवेपणानं न्हाई तर अपमान झाला म्हणून बोंब मारली.

आणि आपल्याला हे कळायला पायजे, आपण कोल्हापूरकर आहोत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, आणि तिथं उभी राहिलेली माणसं रडालती ते आठवा. लोकांनी काय मागितलं? जसं होतं तसंच बांधा. एसी मॉल मागितला न्हाई कुणी. शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर, तिथल्या स्टेजला आपली पावलं लागलेली, खुर्च्या मोडक्या होत्या की न्हाई हा मुद्दाच न्हवता. आता राईड आणि नाट्यगृह एका तागडीत तोलालोय म्हणून कोण शिव्या देणार असंल तर द्या, पण दुःखाची जात एकच हाय.

बरं, पुढं. बोंब एवढी झाली की नवी राईड दोनच वर्षं टिकली, ऑक्टोबर २००१ मध्ये बंद. जून २००२ मध्ये तिसरी आली, जर्नी इनटू इमॅजिनेशन विथ फिगमेंट. ड्रॅगनचं नाव पाटीवर, गाणं परत, डॉक्टरसाहेब मात्र तसेच, आता फिगमेंट त्यांच्या लॅबमध्ये धुमाकूळ घालतोय, वासाच्या खोलीत स्कंक नावाच्या प्राण्याचा घाण वास सोडतोय. बरी हाय. पण ड्रीमफाइंडर राईडमध्ये आला न्हाई तो न्हाईच, आणि चकतीबी न्हाई. घरातल्या म्हाताऱ्याला बाहेर काढून नातवाला तेवढं परत बोलावल्यागत झालं.

कोडॅकचं सांगायचं राहिलं. जगातला पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच इंजिनिअरनं, स्टीव्ह सॅसननं बनवलेला, आणि कंपनी मात्र रोलला चिकटून बसली. २०१० मध्ये त्यांनी ह्या बिल्डिंगची स्पॉन्सरशिप सोडली, २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. लोकांच्या टाळक्यात कल्पना न्हाई म्हणणाऱ्या राईडवर ह्यांचं नाव होतं. मी काय बोलत न्हाई, तुम्हीच हसा.

आणि फिगमेंट? जानेवारी २०२२ मध्ये एपकॉटला फिगमेंटच्या आकाराचा पॉपकॉर्नचा डबा विकायला काढला, प्लॅस्टिकचा डबा हो, त्यासाठी लोक तासन्तास रांगेत उभे होते. त्या रांगेत बरेच जण असे असणार ज्यांनी ड्रीमफाइंडर बघितलाच न्हाई, त्यांचा फिगमेंट म्हणजे तो स्कंकवालाच, आणि त्यांना तोच प्यारा. ह्याच्यावर माझ्याकडं उत्तर न्हाई.

कारण गेल्या जत्रेला भाचीला घेऊन गेलतो आजोळाला. विजेचा पाळणा, आता तर आणखी उंच, एलईडी, डीजे. मी तिला लाकडी पाळण्याचं सांगाय लागलो, मामा, हाक, घर दिसतंय का, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, अजून एकदा बसूया की." काढलं तिकीट. वर गेल्यावर मीच विचारलं, दिसतंय का गं घर? तर खरंच दिसालतं. एवढ्या उंचावरनं दिसणारच की.

तर आता तुमच्याकडं एक काम हाय. त्या लाकडी पाळण्याचा माझ्याकडं एकबी फोटो न्हाई. कॅमेरा होता घरात, पण रोलमध्ये छत्तीसच फोटो, आणि थोरल्या मामानं ते सगळे लग्नासाठी राखून ठेवलेले, जत्रेत एक काढू दिला न्हाई. कागल, करवीर, भुदरगड, कुठल्याबी जत्रेतला, चार पेट्यांचा, हातानं ढकलायचा पाळणा कुणाच्या जुन्या अल्बममध्ये असंल, धुरकट असला तरी चालंल, तर तेवढा पाठवा. खाली उभा राहून ढकलणारा माणूस दिसत असंल तर तो आधी पाठवा. चला, भेळ खातो, वारा लईच वाढलाय.