खड्डा दाखवल्याशिवाय काँक्रीट नको

मंडळी, घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे पहिल्यांदा नकाशावाला शोधतात. त्याच्याकडून मंजुरीचा नकाशा मिळतो, त्यावर एका इंजिनिअरची सही असते, आणि घरमालकाला वाटतं की आपण इंजिनिअर लावला. त्या कागदावर खोल्या असतात, सोडायची अंतरं असतात, बांधकामाचं क्षेत्रफळ असतं. पाया किती खोल, कॉलमात सळई किती, स्लॅब किती जाड, हे त्यात बहुतेक वेळा नसतंच. ते ठरवतो गवंडी आणि बारबेंडर, म्हणजे सळई वाकवून बांधणारा, ‘मागच्या गल्लीत घातलं तेच’ या हिशेबाने.

म्हणून आधी माणसं वेगळी ओळखा. खोल्यांची मांडणी, उजेड, वारा, जिना, मंजुरी हे आर्किटेक्टचं काम. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे (कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर) नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या यादीत ताडून पाहा. मागायला संकोच करू नका. घर उभं राहील की नाही, हे पाहणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर निराळा. तुमचा आर्किटेक्टच तो नेमणार असेल तर उत्तम, पण फी कोणी द्यायची आणि साइटवर कोणी यायचं, हे लिहून घ्या. सगळं ठेकेदार बघतो म्हणाला, तर ज्याचं काम तपासायचं त्याच्याच हातात तपासणी गेली.

आता मातीकडे येऊ, कारण मराठवाड्यातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यातच थांबला तर घर दरवर्षी थोडं वर, थोडं खाली होतं, आणि सगळीकडे सारखं होत नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ही भेग मे महिन्यात रुंद आणि श्रावणात बारीक होत असेल, तर संशय मातीवर घ्या. नुसतं प्लास्टर करून ती बुजत नाही.

प्लॉटच्या दोन टोकांना दोन चाचणी खड्डे घ्या आणि इंजिनिअरला त्या खड्ड्यापाशी आणा. एका बाजूला चार फुटांवर मुरूम आणि दुसऱ्या बाजूला दहा फुटांपर्यंत काळी, असं एकाच प्लॉटवर निघू शकतं. मातीची फुगवण प्रयोगशाळेत सोप्या रीतीने कळते. चाळलेली कोरडी माती १० ग्रॅम पाण्यात आणि १० ग्रॅम रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही, त्यामुळे दोन नळ्यांतल्या उंचीचा फरक म्हणजे तिची फुगवण. काळी उथळ असेल तर मुरमापर्यंत खोदा. फार खोल असेल तर खाली फुगा असलेले पाइल, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल घेतात. त्यांची खोली साधारण साडेतीन मीटर किंवा जास्त असते, आणि वरचा बीम मातीला टेकू न देता खाली मोकळी जागा ठेवतात. कोणता उपाय घ्यायचा, हे खड्डा पाहून इंजिनिअरने लेखी सांगावं.

एक चूक मात्र सगळे हौसेने करतात. खड्ड्यातून निघालेली काळी मातीच जोत्यात भरतात, वाहतूक वाचते म्हणून. दोन पावसाळ्यांत फरशी उचलते किंवा पोकळ वाजते. जोत्यात मुरूम भरा, १५ ते २० सेंटीमीटरचे थर पाणी मारून, धुम्मस करून. घराभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी करा आणि शोषखड्डा पायापासून लांब ठेवा.

आपण लातुरात बसलोय, म्हणून भूकंपाचं बोलायलाच हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे पडलं, ती जाड दगडी भिंतीची आणि जड माळवदाची घरं होती. दगड मातीत बसवलेले होते, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या पाखांना सांधणारे आरपार दगड नव्हते. त्या वेळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. पुढे २००२ च्या सुधारणेत लातूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आलं. या क्षेत्रात आयएस १३९२० हे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक लागू होतं, आणि त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर आहे. इथेच घरमालक अडतो: कॉलम नऊ इंची भिंतीत लपला पाहिजे. नऊ इंच म्हणजे २३० मिलिमीटर. कोपऱ्यात तीन इंच बाहेर आलेला कॉलम डोळ्याला खुपतो खरा, त्याला लागून कपाट करून घ्या. खाली दुकानं किंवा पार्किंगसाठी भिंती काढून वर भरभक्कम मजले चढवायचे असतील, तर ते आधीच सांगा. पाय नाजूक आणि अंग जड, असं घर भूकंपात खालच्या मजल्यातच बसतं.

सळई तपासताना मुख्य सळयांना वेढणाऱ्या रिंगकडे आधी पाहा. तिची टोकं १३५ अंशांत आत, काँक्रीटमध्ये वळलेली हवीत. काटकोनात दुमडलेली रिंग हादऱ्यात उघडते. कॉलमच्या वर आणि खाली, बीमच्या सांध्याजवळ रिंगमधलं अंतर चार इंचांपेक्षा कधीच जास्त नसावं, बहुधा त्याहून कमीच लागतं. बारबेंडर नेमकं तिथेच ते वाढवतो, कारण दाटीत हात जात नाही. कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) ५०, कॉलमला ४०, स्लॅबला २० मिलिमीटर, आणि ते सिमेंटच्या कव्हर ब्लॉकने. खडीचा तुकडा सरकतो, सळई उघडी पडते. वजनही पाहा: १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई साधारण १०.६५ किलो भरते.

पाण्याचं गणित दोन ठिकाणी चुकतं. काँक्रीटमध्ये जास्त पडतं आणि नंतर कमी. ५० किलोच्या गोणीला २५ ते २७ लिटर पुष्कळ झालं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बोअरचं पाणी खारट असेल तर तपासून घ्या. सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. मग येतं भिजवणं. पीपीसी, म्हणजे बहुधा राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस, आपल्या उन्हात चौदा धरा. हजार चौरस फूट स्लॅबवर वाफे करून दोन इंच पाणी साठवलं तरी सुमारे ४,७०० लिटर लागतं, वर रोज उडून जाईल ते वेगळं. मेमध्ये गावात टँकर चालू असताना स्लॅब घ्यायचा असेल, तर पाण्याची सोय आधी, तारीख नंतर. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी काढू नका, त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांआधी. ही मुदत साध्या सिमेंटची आहे. पीपीसीला आणखी थांबावं लागतं, ते इंजिनिअरला विचारा.

आता करार. त्यात फी किती याहून इंजिनिअरच्या साइटवर भेटी किती हे महत्त्वाचं. तळमजला अधिक एक मजल्याच्या घराला मी निदान सहा भेटी मागेन: खड्डे, फुटिंगची जाळी, प्लिंथ बीम (जोत्याचा बीम), दोन्ही स्लॅबची सळई आणि जिन्याची खोली व टाकी. प्रत्येकीआधी दोन दिवस कळवायचं, आणि तपासून ‘ओता’ असं लिहून सही झाल्याशिवाय काँक्रीट नाही. ठेकेदार म्हणेल, मिक्सर आलाय, मजूर बसून आहेत. बसू द्या. फीचे हप्ते याच भेटींना बांधा. सगळे पैसे ड्रॉइंग मिळाल्यावर दिलेत तर साइटवर कोण येणार?

शेवटी, ड्रॉइंग सांभाळा, आणि ओतण्याआधी सळईचे फोटो टेप लावून काढा. पंधरा वर्षांनी मुलगा वर मजला चढवायचा म्हणेल. तेव्हा हे कागद नसले, तर नव्या इंजिनिअरला फुटिंगपर्यंत खोदून आणि कॉलमचं कव्हर फोडूनच आत काय आहे ते बघावं लागेल.